मोरिगुचीबाईंचा शेवटचा तास

ती. ताईस,



‘कन्फेशन्स’ पाहून झाल्यावर तू फोनवर जे बोललीस ते मनातून जात नाही, म्हणून हे पत्र. ते चारचौघांनी वाचावं अशा बेतानेच लिहितो आहे, कारण हा चित्रपट ज्या ज्या शिक्षकांना पाहायला सांगितला त्यांनी थोड्याफार फरकाने मला हेच ऐकवलं. तू म्हणालीस, “सगळं आयुष्य वर्गात गेलं माझं. पोरांचा राग येतो, कधी हातही शिवशिवतात. पण कुठलीही बाई आपल्या वर्गातल्या मुलांशी असं वागणार नाही. आणि लोकांना हे आवडलं तरी कसं?”

हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ताई. पहिला चित्रपटाबद्दल आहे, दुसरा प्रेक्षकांबद्दल. मला दोन्हींवर बोलायचं आहे. ज्यांनी चित्रपट अजून पाहिलेला नाही त्यांना आधीच सांगून ठेवतो, की पुढे शेवटापर्यंतचं सगळं उघड केलेलं आहे.

तेत्सुया नाकाशिमा यांचा हा चित्रपट 5 जून 2010 रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. मूळ नाव ‘कोकुहाकु’. तो कानाए मिनातो यांच्या 2008 साली आलेल्या पहिल्याच कादंबरीवर आधारलेला आहे. मिनातो स्वतः काही काळ शाळेत गृहशास्त्र शिकवत होत्या, हे तुला मुद्दाम सांगतो. ‘बाई असं वागणार नाही’ हे तुझं म्हणणं त्यांनाही ठाऊक असणार. त्यांनी ते ठाऊक असूनच लिहिलं.

पहिला अर्धा तास आठव. सत्राचा शेवटचा दिवस आहे. आपल्या सातवीएवढी मुलं, शाळेतून मिळणाऱ्या दुधाचे छोटे खोके रिकामे करताहेत. कोणी मोबाइलवर, कोणी मागे वळून बोलतंय, कोणी काहीतरी फेकतंय. त्यांच्या बाई, युको मोरिगुची, आवाज न चढवता बोलत राहतात. मी शाळा सोडते आहे असं त्या सांगतात, आणि मुलं आनंदाने ओरडतात. मग त्या आपल्या चार वर्षांच्या मुलीबद्दल सांगू लागतात. मानामी तिचं नाव. शाळेच्या जलतरण तलावात ती मेलेली सापडली आणि पोलिसांनी अपघात म्हणून प्रकरण मिटवलं. हा अपघात नव्हता, असं बाई त्याच सुरात सांगतात. याच वर्गातल्या दोन मुलांनी तिला मारलं. त्या नावं घेत नाहीत, ‘अ’ आणि ‘ब’ म्हणतात. पण खाणाखुणा अशा देतात की वर्गाला एका मिनिटात दोघंही ओळखू येतात. आणि मग शेवटी, त्या दोघांच्या दुधात मी एचआयव्ही असलेल्या माणसाचं रक्त मिसळलं आहे, असं सांगून तास संपवतात.

तू म्हणालीस की इथे तू मान फिरवलीस. मी त्या अर्ध्या तासातल्या आवाजाकडे लक्ष देत होतो. तुझ्यासारखी बाई वर्गात शिरताच कानाने वर्गाची तब्येत ओळखते, म्हणून तुला हे पटेल असं वाटतं. सुरुवातीला वर्गात इतका गोंगाट आहे की बाईंचं निम्मं बोलणं त्यात बुडतं. एक आई आपल्या मेलेल्या मुलीबद्दल बोलते आहे आणि कोणी ऐकत नाही. मुलं शांत कधी होतात? खून झाला आहे, आणि तो करणारे आपल्यातलेच आहेत, हे कळल्यावर. दुःख सांगितलं तेव्हा गोंगाट होता, गुन्हा सांगितला तेव्हा कान टवकारले. चित्रपटाचं सगळं म्हणणं मला या एका गोष्टीत दिसतं. पुढचा सव्वा तास हाच प्रश्न चालतो: एखाद्याला काही सांगायचं असतं तेव्हा ते ऐकायला समोर कोण असतं?

आता कायद्याकडे येतो, कारण त्यावाचून बाईंचं वागणं नुसतं क्रूर दिसतं. जपानी दंडविधानात 14 वर्षांखालच्या मुलाचं कृत्य शिक्षापात्र धरलेलं नाही. ‘अ’ आणि ‘ब’ तेरा वर्षांचे आहेत, आणि ते त्यांना पक्कं माहीत आहे. ‘अ’ आणि ‘ब’ ही अक्षरंही लेखिकेने उगाच घेतलेली नाहीत. तिथे अल्पवयीन आरोपीचं नाव छापायला कायद्याने बंदी आहे, म्हणून वर्तमानपत्रं ‘मुलगा अ’ असं लिहितात. 1997 साली कोबे शहरात एका चौदा वर्षांच्या मुलाने लहान मुलांवर हल्ले केले, त्यांत दोघं गेली. सगळा देश हादरला, आणि ‘मुलगा अ’ हे शब्द जपानी माणसाच्या कानात कायमचे बसले. 2000 साली कायदा बदलला आणि फौजदारी खटल्याची वयोमर्यादा 16 वरून 14 वर आणली गेली. 2004 साली सासेबोमध्ये अकरा वर्षांच्या मुलीने शाळेतच आपल्या वर्गमैत्रिणीला मारलं, तेव्हा ती मर्यादाही अपुरी आहे का, यावर पुन्हा वाद पेटला.

हे सगळं मुलांच्या बाजूचं झालं. मला तुझं लक्ष दुसरीकडे वेधायचं आहे. बाल-गुन्ह्याची सुनावणी जपानमध्ये कौटुंबिक न्यायालयात, बंद दाराआड होते. मुलाचं पुढचं आयुष्य वाचावं हा त्यामागचा हेतू, आणि हेतू चांगलाच आहे. पण ज्याचं मूल गेलं त्या आईबापाला त्या दारातून आत जायला 2008 सालापर्यंत परवानगी नव्हती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती, गंभीर गुन्ह्यांपुरती, न्यायाधीशाच्या मर्जीने मिळाली. मिनातोंची कादंबरी त्याच वर्षी आली. आपलं मूल कसं मेलं हे आईला कोणी अधिकृतपणे सांगायचं नाही आणि तिचंही कोणी अधिकृतपणे ऐकून घ्यायचं नाही, अशी जी रिकामी जागा तिथे कितीतरी वर्षं होती, त्या जागेत मोरिगुचीबाई उभ्या आहेत. न्यायालयात मिळालं नाही ते बोलणं त्यांनी वर्गात केलं. समोर पंच म्हणून सदतीस मुलं बसवली. ते चूक होतं, भयंकर होतं. पण ते बोलणं मुळात कुठे व्हायला हवं होतं, याचं उत्तर कायद्याकडेही नव्हतं, आणि चित्रपट हे आपल्याला विसरू देत नाही.

चित्रपटानंतर पाच वर्षांनी, 2015 साली, कोबेच्या त्या मुलाने, आता तिशी ओलांडलेल्या पुरुषाने, निनावी राहून आपलं आत्मकथन छापलं. मारल्या गेलेल्या एका मुलाच्या वडिलांनी पुस्तक मागे घ्या अशी जाहीर मागणी केली. पुस्तक मागे घेतलं गेलं नाही, आणि धडाधड खपलं. मारणाऱ्याला प्रकाशक मिळाला, वाचक मिळाले. ही बातमी वाचली तेव्हा मला मोरिगुचीबाईंचा वर्ग आठवला, तो गोंगाट आठवला.

बाईंच्या नंतर एकेक जण बोलू लागतो. वर्गप्रमुख मुलगी मिझुकी, ‘ब’ म्हणजे नाओकी, त्याची आई, ‘अ’ म्हणजे शूया. प्रत्येकाचा कबुलीजबाब आहे आणि प्रत्येक जण तो कोणा एका माणसासाठी बोलतो, आणि तोच माणूस तो ऐकत नसतो. शूयाची आई विजेच्या उपकरणांवर संशोधन करणारी. ती त्याला सोडून गेलेली. चोराला विजेचा झटका देणारी पर्स त्याने बनवली, विज्ञान प्रदर्शनात बक्षीसही मिळालं. पण नेमक्या त्याच दिवशी वर्तमानपत्र भरलं ते घरच्यांना विष देणाऱ्या एका मुलीच्या बातमीने. पोराने हिशेब केला, की आईच्या नजरेत यायचं तर बक्षिसापेक्षा खून उपयोगी पडतो. आणि त्यासाठी त्याने निवडलं काय? सशाच्या आकाराची एक छोटी पर्स. मानामीने दुकानात ती मागितली होती आणि आईने घेऊन दिली नव्हती. ताई, मला सांग, मुलाला एखादी वस्तू नाकारल्याचं पुढे इतकं मोठं ओझं होईल असं कुठल्या आईला वाटतं? बाई हे फार बोलत नाहीत. चित्रपटही तिथे रेंगाळत नाही. मी मात्र त्या सशापाशी अडकून पडलो.

पर्सच्या झटक्याने मानामी फक्त बेशुद्ध पडली होती. तिला पाण्यात टाकलं नाओकीने, आणि तिने डोळे उघडल्याचं पाहूनही टाकलं. शूया ज्याला ‘फुकट गेलेला’ म्हणून हिणवतो, त्या मुलाने ‘निदान एक गोष्ट तुझ्या हातून झाली नाही, ती मी करून दाखवली’ असं म्हणता यावं म्हणून केलेला हा खून. पुढे तो घरात कोंडून घेतो, अंघोळ सोडतो. आई दाराबाहेर बसून राहते. तिला आपला मुलगा अजूनही भोळा, साधा, दुसऱ्यांनी बिघडवलेला असाच दिसतो. योशिनो किमुरा यांनी ही आई अशी केली आहे की तिचा राग येतो आणि त्याच वेळी पोटात तुटतं. पालकसभेला येणाऱ्या अशा आया तू पाहिल्या आहेस, तूच मला कितीदा सांगितलंस त्यांच्याबद्दल. ‘माझा मुलगा असं करणारच नाही’ हे तिचं वाक्य, आणि ‘बाई असं करणारच नाही’ हे तुझं. मी तुला तिच्या शेजारी बसवत नाही. पण दोघींनाही समोरचं माणूस आधीपासून माहीत आहे असं वाटतं, इतकंच मला दिसतं.

आणि ते नवे सर! तेरादा. उत्साही, मुलांशी मित्रासारखे वागणारे. शाळेत न येणाऱ्या नाओकीसाठी सगळ्या वर्गाकडून शुभेच्छांचा फलक लिहून घेतात आणि प्रेमाने त्याच्या घरी नेऊन देतात. त्या फलकावरच्या ओळींची आद्याक्षरं जोडली की ‘खुन्या, मर’ असं वाचता येतं. सरांना पत्ता नाही. दर आठवड्याला ते दार वाजवतात आणि आतल्या मुलाला आणखी खोल ढकलतात. या चित्रपटात मला सगळ्यांत भीती कोणाची वाटली असेल तर या भल्या माणसाची. त्यांना मुलांवर प्रेम करायचं आहे, पण त्यासाठी आधी मुलांकडे पाहावं लागतं, वाचावं लागतं, हे त्यांच्या गावी नाही.

तू मांडणीबद्दलही कुरकुर केलीस, “सगळं जाहिरातीसारखं दिसतं.” तुझी नजर बरोबर आहे. नाकाशिमा जाहिरातींमधूनच आलेले. ‘मेमरीज ऑफ मात्सुको’ हा त्यांचा 2006 चा चित्रपट रंगांनी नुसता फुटतो, एका उद्ध्वस्त बाईची कहाणी गाण्यांतून सांगतो. इथे त्यांनी ते सगळे रंग काढून घेतले. निळसर, राखाडी, पावसाळी उजेड. पाण्याचे शिंतोडे, उडणाऱ्या छत्र्या, मुलांच्या उड्या, सगळं संथ गतीत. रेडिओहेडचं गाणं, बोरिस या जपानी बँडचा जड घुमणारा गिटार. परदेशी समीक्षकांपैकी बऱ्याच जणांचा आक्षेप हाच होता, की दिग्दर्शक दुःखाची चकचकीत चित्रफीत करतो. मला काही ठिकाणी तो मान्य आहे. छळाचं दृश्य सुंदर दिसायला लागलं की आपण छळ पाहतोय हे विसरायला होतं. पण संथ गतीचा एक उपयोग मला दुसऱ्यांदा पाहताना कळला. मुलांची थट्टामस्करी आणि मुलांचा क्रूरपणा यांतला फरक एरवीच्या वेगात दिसतच नाही. वेग कमी केला की कोणाचा हात कोणाच्या पाठीवर थाप मारतोय आणि कोणाचा ढकलतोय, हे वेगळं दिसू लागतं.

ताकाको मात्सु यांच्या अभिनयाबद्दल आपलं दुमत नाही. काबुकीच्या मोठ्या घराण्यात जन्मलेली ही अभिनेत्री. पुढे डिस्नेच्या ‘फ्रोझन’मधल्या एल्साला जपानी आवाज आणि जपानी गाणं तिनेच दिलं. जपानमधली लाखो लहान मुलं ज्या आवाजात गात मोठी झाली तोच हा आवाज. इथे तो इतका सपाट ठेवला आहे की आत काय चाललंय याचा थांग लागत नाही. एकदाच, रस्त्यात, ती गुडघ्यांवर कोसळून रडते. मग उठते आणि चालू लागते. तेवढ्या एका रडण्यावर तिने सगळी भूमिका तोलून धरली आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न: लोकांना हे आवडलं कसं?

आवडलं, यात वादच नाही. कादंबरीला 2009 चा जपानी पुस्तकविक्रेत्यांचा पुरस्कार मिळाला होता. हा पुरस्कार परीक्षक देत नाहीत, पुस्तकाच्या दुकानांत काम करणारी माणसं मतं देऊन ठरवतात, आणि पहिल्याच पुस्तकाला तो मिळण्याची ही पहिली वेळ होती. चित्रपट सलग चार आठवडे तिकीटबारीवर पहिला राहिला आणि त्याने सुमारे 385 कोटी येन कमावले. हे लक्षात घे, की त्याला 15 वर्षांखालच्यांना बंदी असलेलं प्रमाणपत्र होतं. म्हणजे पडद्यावरची मुलं ज्या वयाची, त्या वयाच्या मुलाला चित्रपटगृहात प्रवेश नव्हता. जी गर्दी झाली ती मोठ्यांची, आणि नुकतीच ते वय ओलांडलेल्यांची. वाचून संपलं की तोंड कडू होतं अशा रहस्यकथांना जपानी वाचक ‘इयामिसु’ म्हणतात, आणि मिनातोंना त्या प्रकाराची राणी. म्हणजे कडू चवीसाठीच लोक आले होते.

त्यातले कितीतरी जण सूड पाहायला आले आणि सूड पाहून समाधानाने घरी गेले, हेही मी नाकारत नाही. कायदा ज्यांना हात लावू शकत नाही अशा मुलांना कोणीतरी धडा शिकवला, याचा आनंद त्या टाळ्यांत होता. दुसऱ्या बाजूला तुझ्यासारखे प्रेक्षक होते, ज्यांना मुलांना असं राक्षस करून दाखवणंच मंजूर नव्हतं. दोन्ही बाजूंनी चित्रपट सूडाचाच धरला. एकाने म्हणून डोक्यावर घेतला, दुसऱ्याने म्हणून झिडकारला. मला दोघांचंही म्हणणं अपुरं वाटतं. सूडातून बाईंना काय मिळालं ते कोणी मोजलंच नाही. नाओकीने स्वतःच्या आईला मारलं. मिझुकी, जिने बाईंना समजून घ्यायचा प्रयत्न केला, ती शूयाच्या हातून मेली. बाईंच्या पदरात काही पडलं नाही, मानामी तर नाहीच नाही. सूडाची भलावण करणारा चित्रपट हिशेब इतका उघडा ठेवत नाही.

जपानमधल्या जाणकारांनी 2010 या वर्षाचा कौल कसा दिला तेही पाहण्यासारखं आहे. त्याच वर्षी ली सांग-इल यांचा ‘अकुनिन’ आला होता. त्यातही खून आहे, पण तो खुन्याच्या शेजारी बसून त्याचं एकटेपण दाखवतो. ‘किनेमा जुन्पो’ या जुन्या, मानाच्या मासिकाच्या यादीत ‘अकुनिन’ पहिला आला, ‘कोकुहाकु’ दुसरा. जपान अकादमीच्या पारितोषिकांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा आणि संकलन ‘कोकुहाकु’ला, तर अभिनयाची चारही पारितोषिकं ‘अकुनिन’ला मिळाली. मला या वाटणीत अर्थ दिसतो. रचनेचा मान थंड चित्रपटाला, माणसांचा मान उबदार चित्रपटाला. हाँगकाँगने मात्र सरळ ‘कोकुहाकु’ला सर्वोत्कृष्ट आशियाई चित्रपट ठरवलं.

ऑस्करच्या विदेशी चित्रपटांच्या नऊ जणांच्या यादीपर्यंत तो पोहोचला, अंतिम पाचांत आला नाही. त्या वर्षी ते पारितोषिक मिळालं डेन्मार्कच्या सुझान बीअर यांच्या ‘इन अ बेटर वर्ल्ड’ला. तू तो पाहा, कारण त्यातही शाळेतला छळ आहे, आईविना पोरका झालेला हुशार मुलगा आहे, त्याने घरी बनवलेला बॉम्बही आहे. तिथे मुलं वाचतात. एक बाप त्या मुलाला छतावरून मागे ओढतो, त्याच्याशी बोलतो, त्याचं ऐकतो. तुला हवा होता तो चित्रपट हाच. मला दोन्ही खरे वाटतात. डॅनिश मुलाला ऐकणारा एक मोठा माणूस वेळेवर मिळाला. शूयाला मिळाला नाही.

माझी या चित्रपटावरची खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती तू केली नाहीस. एचआयव्हीचा वापर. दुधात रक्त ही कल्पना प्रेक्षकाच्या अंगावर काटा आणण्यासाठी योजली आहे, आणि काटा येतो तो आपल्याच अज्ञानामुळे. स्पर्शाने, एकत्र जेवल्याने, एका ग्लासाने हा विषाणू पसरत नाही, हे आपल्या आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर किती वर्षं लिहिलेलं आहे. बाई स्वतः सांगतात की लागण होण्याची शक्यता अगदी कमी. पुढे मिझुकी खोके तपासते आणि त्यांत रक्ताचा मागमूस नव्हता असं कळतं. वर्गाने शूयाला अस्पृश्यासारखं वागवलं ते केवळ भीतीपोटी, हेही चित्रपट दाखवतो. एवढं सगळं असूनही ज्या माणसाला हा आजार आहे, मानामीचा बाप, ज्याला सूड मान्य नव्हता, त्याच्या वाट्याला चित्रपटाने फार थोडी जागा ठेवली. आजारी माणसाला भीतीचं साधन केलं आणि त्याचं स्वतःचं बोलणं मात्र ऐकून घेतलं नाही. सगळा चित्रपट ज्या दोषावर बोट ठेवतो तोच दोष इथे त्याच्याकडून घडला आहे. हे मला माफ करता येत नाही.

कायद्याचा हा वाद आपल्या दारातही आहे, म्हणून थोडं त्याबद्दल. दिल्लीच्या 2012 च्या घटनेनंतर आपण 2015 साली बाल न्याय कायदा बदलला, 16 ते 18 वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालवायची वाट मोकळी केली. मग मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीने दोन तरुण जिवांचा बळी घेतला. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा. जामिनाच्या अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध होता. त्यावर लोक किती खवळले ते आठवतंय ना? ‘कन्फेशन्स’मध्ये शूया ‘जीव’ या विषयावर निबंध लिहितो, त्याला बक्षीस मिळतं, आणि तोच निबंध सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवून तो बॉम्बचं बटण दाबतो. या दोन निबंधांची बरोबरी करायची नाही, दोन्हीकडचे प्रसंग आणि मुलं अगदी वेगळी. पण कागदावर पश्चात्ताप लिहवून घेता येतो या समजुतीला हा चित्रपट जो तडा देतो, तो मला पुण्यातल्या त्या उन्हाळ्यात फार जाणवला. मुलांना तुरुंगात टाका असं मी म्हणत नाही, तूही म्हणत नाहीस. मला विचारायचं आहे ते हे, की मुलाला सुधारण्याची संधी देताना, ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यासमोर त्याला एकदा बसवायचं की नाही? त्यांचं बोलणं त्याला शेवटपर्यंत ऐकायला लावायचं की नाही? ही शिक्षा आहे की शिक्षण, हे तू मला सांग, तुझा तो विषय आहे.

राहिला शेवट, ज्यावर प्रेक्षक अजून भांडतात. शूया बटण दाबतो, सभागृहात काही होत नाही. बॉम्ब बाईंनी हलवलेला आहे, त्याच्या आईच्या विद्यापीठातल्या खोलीत नेऊन ठेवला आहे, असं त्या सांगतात. मग त्याच्यापाशी येऊन त्याचे केस धरतात. इथून तुझ्या सुधारण्याची सुरुवात होते, असं म्हणतात. डोळ्यांत पाणी आहे. आणि पुढच्याच क्षणी, गंमत केली, असं म्हणून पडदा काळा होतो. काहींच्या मते बॉम्ब हलवलाच नव्हता, सगळी थाप. काहींच्या मते सुधारणेचं बोलणं हीच थाप. मला वाटतं, बाईंनी पहिलं वाक्य मनापासून उच्चारलं. इतकी वर्षं वर्गात उभं राहिलेल्या बाईच्या तोंडून ते आपसूक आलं. आणि मानामीच्या आईला ते सहन झालं नाही, म्हणून तिने ते पुसून टाकलं. तुझं म्हणणं होतं, बाई असं वागणार नाही. बरोबर. शेवटच्या मिनिटाला बाई आत होतीच, बोललीही. तिला पुढे बोलू दिलं गेलं नाही.

म्हणून तुला एक विनंती आहे. तो पहिला अर्धा तास पुन्हा पाहा. या वेळी मोरिगुचीबाईंकडे पाहू नकोस, मागच्या बाकांकडे पाहा. कोण कधी गप्प होतो, कोण शेवटपर्यंत होत नाही, कोणाची नजर खाली जाते, ते तुला माझ्यापेक्षा जास्त दिसेल. सातवी-आठवीच्या मुलांना हा चित्रपट दाखवू नकोस, त्यांच्या वयाला तो झेपणारा नाही. पण सुट्टीच्या एखाद्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना बसवून दाखव, आणि पालक-शिक्षक संघातले चार पालकही बोलाव, विशेषतः ज्यांचा मुलगा कधीच काही करत नाही असे. आणि एवढं करूनही तुझं मत आहे तेच राहिलं तर मला सविस्तर लिही. ते उत्तर मी याच जागी, एक शब्द न गाळता छापायला देईन.

तुझा धाकटा भाऊ